दाह विषाणूचा आणि दाह कर्करोगाचा

रक्ताच्या अहवालात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढलेलं दिसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'अंगात दाह आहे, म्हणजे कर्करोगाला आमंत्रण.' साध्या फ्लूनंतरसुद्धा! अशा बोलण्याने विनाकारण घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. सीआरपी यकृतात तयार होतं, मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या निरोप्या प्रथिनाच्या इशाऱ्यावरून. तो इशारा विषाणूमुळे आला की गाठीमुळे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

आणि दाहाला, म्हणजे इन्फ्लमेशनला, 'सूज' म्हणणं सोडा. सूज हे दाहाचं एक लक्षण झालं. यकृतात वर्षानुवर्षं दाह धुमसत असतो आणि वरून काहीच दिसत नाही.

फ्लूचा दाह सगळ्यांनी अनुभवलेला आहे. लागण झालेली पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडते, शेजारच्या पेशी सावध होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, ताप, अंगदुखी, आणि आठवडाभरात बहुतेकांचं सगळं ओसरतं.

घोटाळा होतो तो या 'ओसरण्या'पाशी. विषाणू गेला की दाह आपोआप विझतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात विझवणं हेही शरीराला करावं लागणारं काम आहे. लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींना मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी गिळतात, आणि गिळता गिळता त्यांचं स्वतःचं वागणं बदलतं. भडकवणारी रसायनं कमी होतात, दुरुस्तीची वाढतात: नव्या पेशींना वाढीचे संदेश, नव्या रक्तवाहिन्या, मारेकरी टी-पेशींना आवर. काम झालं की हेही थांबतं.

कर्करोगाची गाठ हा दुरुस्तीचा टप्पा थांबूच देत नाही. विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटलं, ते याच अर्थाने. गाठीतले मॅक्रोफेज तिला रक्तपुरवठा मिळवून देतात, वाढीची द्रव्यं पुरवतात आणि टी-पेशींना दाबून ठेवतात. इंटरल्यूकिन-६ फ्लूत आणि गाठीत दोन्हीकडे सापडतं, दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी दोन्हीकडे जागं असतं. म्हणून रसायनांची यादी जुळवून 'दोन्ही एकच' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बघायचं ते हे की दाह कुठल्या टप्प्यावर अडकला आहे आणि किती वर्षं.

दोन्ही दाह एकमेकांना खरोखर भेटतात ते हिपॅटायटिसमध्ये, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या दाहात. हिपॅटायटिस सी चा विषाणू आपली जनुकं यकृतपेशीच्या डीएनएत घुसवत नाही. पण तो शरीरात टिकला तर दशकानुदशकं पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, दाहातली तिखट ऑक्सिजन-संयुगं डीएनएला इजा करत राहतात. मग सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं, आणि काहींना कर्करोग. हिपॅटायटिस बी चा विषाणू दाहही घडवतो आणि डीएनएतही शिरतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एचपीव्ही हा विषाणू मात्र निराळा: त्याची ई-६ आणि ई-७ प्रथिनं पेशीचे पी-५३ आणि आरबी हे पहारेकरी थेट निकामी करतात, तेही फारसा दाह न होऊ देता. तेव्हा 'विषाणूमुळे कर्करोग म्हणजे दाहामुळे कर्करोग' हे सरसकट विधान चूकच.

'मग दाह दाबून टाकू' हाही उतावळेपणा. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचवले, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१-बीटा या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाला अडवणारं औषध. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांवरच्या २०१७ च्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. तेच औषध फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांना देऊन पाहिलं, तेव्हा अपेक्षित परिणाम मिळाला नाही.

हिपॅटायटिस सी आज गोळ्यांनी, बहुधा ८ ते १२ आठवड्यांत, बरा होतो आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका बराच उतरतो. पण तोवर सिरॉसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. ती कृपा करून चुकवू नका.