मिनेसोटातील हिवाळी पर्यटन

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील मिनेसोटा राज्यात साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या आरंभापर्यंत गोठलेली तळी, बर्फाखालची जंगले आणि शहरांतील उत्सव यांच्या आधाराने चालणारे पर्यटन. कोलोरॅडो किंवा यूटा या राज्यांत हिवाळी पर्यटक डोंगरासाठी जातो. मिनेसोटात म्हणण्याजोगा डोंगर नाही, पण दहा एकर वा त्याहून मोठी ११,८४२ तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठली की जमीन होतात. त्यांवर माणसे चालतात, गाड्या चालवतात, तात्पुरती घरे थाटतात. इथल्या हिवाळ्याचे वेगळेपण या उसन्या जमिनीत आहे.

जानेवारीत मिनिआपोलिसमध्ये दिवसाचे सरासरी कमाल तापमान उणे ५° से.च्या आसपास, तर रात्रीचे किमान उणे १३° से.पर्यंत असते. उत्तरेकडे थंडी याहून कडक. टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी नोंदलेले उणे ५१° से. हा राज्याचा नीचांक आहे. कॅनडाच्या सीमेवरील इंटरनॅशनल फॉल्स हे गाव स्वतःला ‘देशाची बर्फपेटी’ म्हणवून घेते आणि त्याच नावाचा उत्सवही भरवते. तापमानापेक्षा वाऱ्याचा फटका वाईट. उघडी कातडी काही मिनिटांत हिमदंशाने बधिर होऊ शकते. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बेत सकाळचेच आखावे लागतात.

थंडीची कुचेष्टा हेच इथल्या सर्वांत जुन्या हिवाळी उत्सवाचे निमित्त ठरले. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने सेंट पॉल शहराची तुलना सायबीरियाशी करून ते राहण्यास नालायक ठरवले. चिडलेल्या व्यापाऱ्यांनी पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, सेंट पॉल विंटर कार्निव्हल भरवले आणि बर्फाच्या ठोकळ्यांचा राजवाडा उभारला. असा राजवाडा बांधण्याची कला मॉन्ट्रियलची. त्या वर्षी तिथे देवीची साथ असल्याने तेथील कारागीर मोकळे होते. राजवाडा दरवर्षी होत नाही. तो खर्चिक असतो, आणि जानेवारीअखेरीस ऊन तापले तर फसतोही. उत्सव मात्र आजही भरतो. त्याची कथा अशी : हिमराजा बोरिअस शहरावर राज्य करतो आणि शेवटी अग्नीचा राजा व्हल्कनस त्याला पदच्युत करतो. व्हल्कनसचे लाल पोशाखातले साथीदार जुन्या अग्निशामक गाडीतून फिरत लोकांच्या गालांना काजळी फासतात. मराठी माणसाला इथे होळी आठवल्याशिवाय राहत नाही. थंडीला निरोप देताना विस्तव आणि तोंड काळे करणे, दोन्ही आलेच. पर्यटकाला याहून रंजक वाटेल ती पदकाची शोधमोहीम. १९५२ पासून स्थानिक वृत्तपत्र रोज एक पद्यमय कोडे छापते आणि कुठल्या तरी सार्वजनिक उद्यानात पुरलेले पदक शोधण्यासाठी लोक रात्री विजेऱ्या घेऊन फावड्यांनी बर्फ उपसतात.

हिवाळी मासेमारी हा मात्र उत्सव नव्हे, नित्यक्रम आहे. पाणी ४° से.ला सर्वांत जड असते, म्हणून थंड होणारे तळे वरून गोठते आणि तळाशी ४° से.च्या आसपासचे पाणी राहते. मासे त्यात मंदावून जगतात. बर्फाला यांत्रिक गिरमिटाने आठ-दहा इंची भोक पाडून त्यातून गळ सोडतात. सर्वाधिक मागणी वॉलाय या राज्यमाशाला. त्याखेरीज नॉर्दर्न पाइक, पर्च आणि क्रॅपी लागतात. उन्हाळ्यात एका माणसाला एकच गळ टाकता येतो, बर्फावर दोन. सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला परवाना लागतो. गळाला मासा लागण्याची वाट पाहणारे पूर्वी उलट्या बादलीवर बसत. आता शेगडी, बिछाने आणि टीव्ही असलेली चाकांवरची ‘फिश हाऊस’ तळ्यावर ओढून नेतात. मिल लॅक्स आणि लेक ऑफ द वूड्स या तळ्यांवरील रिसॉर्टवाले ही घरे दिवसाच्या किंवा रात्रीच्या भाड्याने देतात; नवख्याने त्यांच्याकडेच जावे. ब्रेनर्डजवळच्या गल तळ्यावर जानेवारीअखेर भरणाऱ्या स्पर्धेत हजारो लोक एकाच वेळी आपापल्या भोकावर वाकलेले दिसतात. आत शेगडी असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, म्हणून हवा खेळती ठेवणे आवश्यक असते.

बर्फ कधीच पूर्ण सुरक्षित नसतो, असे राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते बजावते. नव्या, स्वच्छ, घट्ट बर्फासाठी त्याचे ठोकताळे असे : चालण्यासाठी किमान ४ इंच, स्नोमोबिल या बर्फावर धावणाऱ्या मोटारसायकलवजा वाहनासाठी ५ ते ७, लहान मोटारीसाठी ९ ते १०, मध्यम ट्रकसाठी सुमारे १३ इंच. पांढुरका, हिममिश्रित बर्फ निम्माच भार पेलतो. गाडी हळू चालवावी, कारण वेगाने बर्फाखाली लाट उठते आणि ती किनाऱ्याजवळ बर्फ फोडू शकते. पट्टा सोडलेला आणि काचा खाली असाव्यात. गाडी बुडाली तर बाहेर पडायला सेकंदच मिळतात. व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात तर रेनी तळ्यावर गाड्यांसाठी दरवर्षी बर्फाचा रस्ताच आखला जातो, अर्थात बर्फ पुरेसा जाड झाला तर.

स्नोमोबिल हे या राज्याचे घरचे वाहन. ते बनवणाऱ्या कंपन्यांपैकी पोलारिसचा जन्म रोझो गावात आणि आर्क्टिक कॅटचा थीफ रिव्हर फॉल्समध्ये झाला. सुमारे ३५,००० किमी. वाटा स्वयंसेवी क्लब राखतात. आवाजाचा तिटकारा असणाऱ्यांनी उत्तरेकडचे ईली हे गाव गाठावे. बाउंड्री वॉटर्स या मोटारबंदी असलेल्या अरण्याच्या कडेला कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या सहली चालतात आणि बऱ्याच ठिकाणी पाहुण्यालाच गाडी हाकायला देतात. जुंपलेली कुत्री सुटेपर्यंत कानठळ्या बसतील इतकी भुंकतात. गाडी सुटली की एकदम गप्प. मग फक्त घसरणीचा सरसर आवाज. या परंपरेतले आदराचे नाव जॉन बेअरग्रीस. सुपीरिअर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर रस्ता नव्हता, तेव्हा ओजिब्वे या मूलनिवासी जमातीतल्या या टपालवाल्याने सुमारे वीस वर्षे, उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने, टू हार्बर्स ते ग्रँड मरे टपाल पोचवले. त्याच्या नावाची सुमारे ३०० मैलांची शर्यत १९८० पासून भरते.

त्याच किनाऱ्यावरील लुट्सेन हे राज्यातले सर्वांत मोठे स्की-केंद्र. आल्प्स पाहिलेल्यांना ते टेकडीवजा वाटेल. मात्र उतारावरून समोर पसरलेले सुपीरिअर सरोवर दिसते, ते आल्प्समध्ये नाही. गूसबेरीचे गोठलेले धबधबे आणि १९१० चे स्प्लिट रॉक दीपगृह वाटेतच आहेत. सपाटीवरच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगची परंपरा स्कँडिनेव्हियन स्थलांतरितांनी आणली. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी जेसी डिगिन्स ॲफ्टन गावची.

पक्षिनिरीक्षकांसाठी डुलूथ शहराच्या वायव्येची सॅक्स-झिम दलदल हे तीर्थच. अनेक हिवाळ्यांत कॅनडाकडून उतरणारी मोठी करडी घुबडे तिथे भर दिवसा शिकार करताना दिसतात. मिसिसिपीकाठच्या वाबाशाजवळ चिपेवा नदी येऊन मिळते, तिथले पाणी गोठत नसल्याने टकले गरुड जमतात.

शहरात राहणाऱ्यांनाही करमणूक आहे. मिनिआपोलिसच्या नोकोमिस तळ्यावर जानेवारीत उघड्यावरच्या हॉकीचे सामने रंगतात, मिनेहाहा धबधबा गोठून निळसर पडदा होतो, आणि बाहेर पाऊल न टाकणाऱ्यांसाठी इमारतींना जोडणारे सुमारे १५ किमी.चे बंदिस्त ‘स्कायवे’ आहेत. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संक्रांत ऐन गारठ्यात येते. भारतातून येणाऱ्या आईवडिलांना मात्र बहुतेक घरी उन्हाळ्यातच बोलावतात. ते चुकीचे नाही, पण ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी एकदा फेब्रुवारीत यावे. सुती कपडे टाळून लोकरीचे वा कृत्रिम धाग्यांचे दोन-तीन थर चढवावेत. घामाने ओले झालेले सूत अंगावरच गोठते. गाडीत पांघरूण, फावडे आणि निम्म्याहून अधिक भरलेली टाकी हवी.

हे सारे ज्यावर उभे आहे तो बर्फ आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. गेल्या पन्नास वर्षांत तळी गोठलेली राहण्याचा काळ सरासरी १० ते १४ दिवसांनी घटला आहे. २०२३–२४ चा हिवाळा इतका उबदार गेला की बेअरग्रीस शर्यत रद्द झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मिनिआपोलिसच्या थिओडोर वर्थ उद्यानातील स्की विश्वचषकासाठी यंत्राने बर्फ तयार करावा लागला.

मार्चमध्ये, दक्षिणेकडे आधी आणि उत्तरेकडे नंतर, ठरल्या तारखेपर्यंत प्रत्येक फिश हाऊस तळ्यावरून हलवावे लागते. मागे राहिल्यास दंड होतो. त्यानंतर कित्येक गावांत तळ्याच्या मध्यावर एखादी वस्तू ठेवून ती कोणत्या दिवशी पाण्यात जाईल यावर पैजा लागतात.