वय ३५, ‘मानसिक वय ५’ म्हणजे नेमकं काय?

‘बौद्धिक अक्षमता असलेली माणसं कायम लहान मुलंच राहतात, त्यांचं सगळं दुसऱ्यांनीच ठरवावं’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. त्यामागे बहुधा मायाच असते, पण ते खरं नाही.

‘मानसिक वय ५’ हा आकडा बुद्धिमापन चाचणीतून येतो. अर्थ एवढाच, की त्या ठरावीक प्रश्नांत पाच वर्षांच्या मुलांच्या सरासरीइतके गुण पडले. ३५ वर्षांच्या माणसाने मात्र ३५ वर्षं जगून पाहिलेली असतात. शरीर प्रौढ असतं. एकांताची, जोडीदाराची, स्वतःच्या कमाईची ओढही प्रौढच. सुट्या पैशांचा हिशेब न जमणारी बाई पोळ्या उत्तम लाटू शकते. निवासी केंद्रात काम करणाऱ्यांना हे रोज दिसतं.

कायदाही पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १३ इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य करतं. कलम १४ मधल्या मर्यादित पालकत्वातही, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरता पालक नेमला तरी, निर्णय त्या व्यक्तीसोबत मिळून घ्यायचा असतो.

ती व्यक्ती स्वतः निवड करू शकते का, हे घरी पडताळायचं असेल, तर ‘आज काय घालणार?’ असं नुसतं विचारू नका. दोन शर्ट समोर धरा आणि थांबा. उत्तर यायला मिनिटभर लागू शकतं, आणि नेमकं तेच मिनिट आपण देत नाही. उत्तर नजरेतून, हातातूनही येतं. जेवण, फिरणं, सोबत कोणाची, अशा निवडींची महिनाभर नोंद ठेवा. काहींना आयुष्यभर भरपूर मदत लागते, हे खरंच; ती नेमकी कुठे लागते, हे त्या नोंदीतून कळू लागेल.