धातू हायड्राइडांची मिश्रणे (हायड्रोजन साठवण)

धातू हायड्राइड म्हणजे धातू आणि हायड्रोजन यांचे संयुग. धातू हायड्राइडांचे मिश्रण म्हणजे दोन हायड्राइडांची, किंवा एक हायड्राइड आणि त्याच्याशी संयोग पावणारा दुसरा पदार्थ यांची अशी बारीक पूड, जी तापवल्यावर हायड्रोजन सोडते आणि पुरेशा दाबाखाली तोच वायू पुन्हा शोषून मूळ रूपात येते. ही क्रिया दोन्ही दिशांनी पुनःपुन्हा घडवता येते, म्हणून या साठवणीला व्युत्क्रमी म्हणतात. यातला दुसरा घटक केवळ भर म्हणून घातलेला नसतो. हायड्रोजन निघून गेल्यावर मागे उरणाऱ्या द्रव्याशी जोडले जाणे हे त्याचे खरे काम असते.

धातू हायड्रोजन शोषतात हे टॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये पॅलेडियमवर दाखवून दिले. पुढे उपयोगी ठरलेल्या पदार्थांपुढे मात्र एक पेच कायम राहिला. लँथॅनम-निकेल मिश्रधातू साधारण तापमानाला सहज काम करते, पण तिच्यात वजनाच्या जेमतेम १.४ टक्के हायड्रोजन मावतो. मॅग्नेशियम हायड्राइडात ७.६ टक्के मावतो, म्हणजे घनमीटरमागे सुमारे ११० किलोग्रॅम, तर द्रवरूप हायड्रोजन तेवढ्या जागेत ७१ किलोग्रॅमच भरतो. परंतु त्यातून १ बार दाबाने वायू मिळवायचा तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते.

या पेचाचे मूळ ऊष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि ऊर्जा यांच्या नियमांत आहे. घन पदार्थातून हायड्रोजन वायू मोकळा होताना एंट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) हायड्रोजनच्या मोलमागे सुमारे १३० जूल प्रति केल्विन इतकी वाढते आणि ही वाढ बहुतेक सर्व हायड्राइडांत जवळजवळ सारखीच असते. त्यामुळे वायू कोणत्या तापमानाला सुटेल हे मुख्यतः बंध तोडायला लागणाऱ्या उष्णतेवर ठरते. मोलमागे ३९ किलोजूल लागत असतील, तर १ बार दाबाचा समतोल २७ अंशांच्या जवळ येतो. मॅग्नेशियम हायड्राइडाला सुमारे ७५ किलोजूल लागतात. येथेच मिश्रणाचा उपयोग होतो. हायड्राइड आहे तसेच राहते, पण हायड्रोजन सोडून झाल्यावरची अवस्था अधिक स्थिर केली, तर आरंभ आणि शेवट यांतील ऊर्जेचे अंतर कमी होते आणि वायू कमी तापमानाला सुटू लागतो. हायड्राइडाला हात न लावता त्याच्या अवशेषाला जोडीदार देण्याची ही कल्पना या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल. तिचे बीज रायली आणि विसवॉल यांनी ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९६७ च्या सुमारास मॅग्नेशियम-तांबे मिश्रधातूंवर केलेल्या कामात दिसते.

तिचे ठळक उदाहरण म्हणजे लिथियम बोरोहायड्राइड (लिथियम, बोरॉन आणि हायड्रोजन यांचे संयुग) आणि मॅग्नेशियम हायड्राइड यांची २:१ या मोल प्रमाणातील जोडी, जिचा अभ्यास वाजो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. एकट्या बोरोहायड्राइडातून लिथियम हायड्राइड आणि सुटे बोरॉन उरते, आणि हे बोरॉन पुन्हा हायड्रोजन घ्यायला फारच नाखूश असते. जोडीत मात्र बोरॉन मॅग्नेशियमशी संयोग पावून मॅग्नेशियम डायबोराइड बनते, त्यामुळे लागणारी उष्णता हायड्रोजनच्या मोलमागे सुमारे २५ किलोजूलने घटते आणि परतीची वाटही मोकळी होते. कागदावर ही जोडी ११.५ टक्के हायड्रोजन देते. १ बारचा समतोल सुमारे २२५ अंशांना यायला हवा, तरीही प्रयोगात ३५० ते ४०० अंशांपर्यंत जावे लागते, कारण एका घन कणातले अणू सरकत सरकत दुसऱ्या घन कणापर्यंत पोचेपर्यंत अभिक्रिया रेंगाळते. त्यातच हायड्रोजनचा काही बार दाब राखला नाही, तर मॅग्नेशियम आधीच सुटे होते आणि डायबोराइडऐवजी बोरॉन किंवा इतर स्थिर बोरॉन संयुगे तयार होतात. म्हणजे वायू बाहेर काढतानाही त्याच वायूचा दाब ठेवावा लागतो.

वेग वाढवण्यासाठी पूड आरगॉन या निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद डब्यात पोलादी गोळ्यांबरोबर तासन्तास दळतात आणि तिच्यात टायटॅनियमचे संयुग अल्प प्रमाणात मिसळतात. या दळणाचे महत्त्व सहज कमी लेखले जाते. कण बारीक होऊन एकमेकांना घट्ट भिडले नाहीत, तर जोडीदार असून उपयोग नाही. सोडियम ॲलनेटात (सोडियम, ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन यांच्या संयुगात) टायटॅनियम घातल्यास हायड्रोजन परत घेता येतो, हे बोग्दानोविच आणि श्विकार्डी यांनी १९९७ मध्ये दाखवले, तेव्हापासून या क्षेत्राला खरी गती आली. लिथियम हायड्राइड आणि मॅग्नेशियम अमाइड (नायट्रोजन असलेले संयुग) यांची जोडी बोरोहायड्राइडाच्या जोडीहून सौम्य तापमानाला, सुमारे २०० अंशांपाशी चालते आणि ५.६ टक्के देते, पण तिच्यातून अमोनियाचा अंश निघाला तर तो इंधनघटाला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या साधनाला, अपाय करतो.

अशा पुडीच्या टाकीत हायड्रोजन भरताना ही सारी उष्णता उलट बाहेर पडते. ५ किलोग्रॅम हायड्रोजन ४० किलोजूल प्रति मोल या हिशोबाने शोषला, तर सुमारे ९९ मेगाजूल उष्णता सुटते, आणि भरण ५ मिनिटांत उरकायचे म्हटल्यास ती ३३० किलोवॅट दराने काढून घ्यावी लागते. पूड स्वतः उष्णतेची मंद वाहक असल्याने तिच्यात ग्रॅफाइट मिसळून वड्या दाबतात आणि त्यांमधून थंड द्रवाच्या नळ्या फिरवतात. मॅग्नेशियम हायड्राइड होताना सुमारे ३० टक्के फुगते, तेव्हा त्या वड्यांना फुगायला जागाही ठेवावी लागते.