ठराव झाला, पाणी मिळाले नाही: चवदार तळ्याच्या खटल्याची पार्श्वभूमी

आज बाबासाहेब असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला विचारला जातो, आणि उत्तर देणारा बहुधा स्वतःच्या मनातले त्यांच्या तोंडी घालतो. त्यापेक्षा त्यांनी लढवलेल्या एका खटल्याचा कालक्रम लावून पाहावा. समाजाकडे पाहताना ते नेमके काय तपासत, हे त्यातून कळते. महाडच्या चवदार तळ्याचा खटला त्यासाठी सर्वांत उपयोगी, कारण तिथे हक्क कागदावर आधीच मिळालेला होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारने त्यानुसार खात्यांना आदेश दिले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण स्थानिक सवर्णांच्या विरोधामुळे तो अमलात आलाच नाही. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला: न ऐकणाऱ्या पालिकांचे अनुदान रोखा. तरीही तळ्यावर फरक पडला नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतील हजारो लोक बाबासाहेबांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्यांवर हल्ला झाला. पुढे १०८ घागरी पाणी उपसून शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे ‘शुद्ध’ केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, पालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. तारखांचा हा योगायोग विसरता येत नाही.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची अनादी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला हिंदूंपैकी कोणी जागा देईना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली होती. तळ्यावर जाणे मात्र बाबासाहेबांनी स्थगित केले, कारण हुकूम मोडला तर लढा सरकारशी होणार होता.

१९३१ मध्ये महाडला आणि १९३३ मध्ये ठाण्याला निकाल लागला. उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी विरोधकांचे अपील फेटाळले. पाणी प्यायल्यापासून जवळजवळ दहा वर्षांनी. निकालाचा आधार इथे लक्षपूर्वक पाहायला हवा. अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, म्हणून वादी हरले. ती सिद्ध झाली असती तर ती न्याय्य की अन्याय्य हा प्रश्न निघाला असता, पण तिथवर गोष्ट गेलीच नाही. समानतेचे तत्त्व असे त्या निकालात आलेच नाही.

राज्यघटना वाचताना ही फट कुठे कुठे बुजवली आहे ते दिसते. अनुच्छेद १३ मधील ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे, त्यामुळे मूलभूत हक्कांविरुद्धची वहिवाट कितीही जुनी असली तरी टिकत नाही. अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्दच आले आहेत. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ सरकारपुरता नाही, शेजाऱ्यालाही लागू होतो.

पुढचे कायदे अंमलबजावणीचे. १९५५ चा अस्पृश्यता कायदा सौम्य निघाला. १९७६ मध्ये शिक्षा वाढवून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिले. १९८९ मध्ये अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. २०१५ च्या दुरुस्तीने सामाईक पाणवठ्यावर अडवणे हा त्याखालचा गुन्हा झाला. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, दोषारोपपत्र ६० दिवसांत द्यायचे. प्रकरणे फसतात ती बहुधा इथेच: खालच्या अधिकाऱ्याने तपास केला, फिर्यादीत योग्य कलम घातले नाही, जातीचा दाखला वेळेत जोडला नाही, साक्षीदार फिरले.

साक्षीदार का फिरतात, याचे उत्तर बाबासाहेबांनी स्वतः नोंदवले आहे. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. गावात हक्क बजावायला निघालेल्यांविरुद्ध सामाजिक बहिष्कार हे सर्वांत प्रभावी हत्यार आहे, असे त्या समितीच्या अहवालात आले. कुळाची जमीन काढून घेणे, काम बंद, वाण्याकडचा माल बंद. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा धरावा अशी मागणी केली होती.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये, आणि तो लागू झाला २०१७ मध्ये: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याआधीची काही वर्षे गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने येत होत्या त्या रायगडमधून, म्हणजे महाड ज्या जिल्ह्यात आहे तिथूनच. वाळीत पडलेल्यांत सर्व जातींची माणसे होती.

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या घटनेला शंभर वर्षे होतात. तळ्यावर गर्दी होईल आणि ती व्हायलाच हवी. बाबासाहेबांच्या पद्धतीने पाहणारा मात्र तिथून जिल्हाधिकारी कार्यालयातही जाईल. अत्याचार प्रतिबंधक नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे. तो आधी तिची इतिवृत्ते मागेल, मग कोणत्या गावातली फिर्याद आपसांत मिटवली गेली आणि ती मिटल्यावर त्या कुटुंबाला गावात काम मिळते का, हे विचारेल.