वर्क परमिटची आपोआप मुदतवाढ बंद झाली, पण मुळात ती आली कुठून?

३० ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत एक नियम बदलला. ईएडी म्हणजे वर्क परमिटचं कार्ड संपायच्या आत रिन्यूअलचा अर्ज टाकला की बऱ्याच कॅटेगरीत जुन्याच कार्डावर ५४० दिवस काम चालू ठेवता यायचं, ते बंद झालं. त्या तारखेपासून पुढे टाकलेल्या बहुतेक अर्जांना ही सवलत नाही, म्हणजे कार्डवरची तारीख उलटली आणि नवीन कार्ड हातात नसेल तर कामावर जायचं नाही, आणि कंपनीने माहीत असून काम करू दिलं तर कंपनीलासुद्धा दंड. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण कर्मचाऱ्याचे कागद तपासायची जबाबदारी मालकावर कायमच होती असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते खरं नाही.

१९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणं हा गुन्हा होता, पण त्याच कलमात एक ओळ घातली होती की नोकरीवर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे. टेक्ससच्या शेतमालकांना मजूर हवे होते, त्यांच्या दबावाने ही ओळ आली म्हणून तिला टेक्सस प्रोव्हायझो म्हणतात. म्हणजे पकडला जाणार कामगार, ठेवणारा मोकळा. पुढे १९६४ ला मेक्सिकोतून करारावर मजूर आणायचा ब्रासेरो प्रोग्राम बंद झाला, काम तेवढंच राहिलं, माणसं येत राहिली फक्त आता कागदांशिवाय, आणि १९७० च्या दशकात मालकांना दंड करा ही मागणी जोर धरायला लागली.

शेवटी ६ नोव्हेंबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इर्का नावाच्या इमिग्रेशन सुधारणा कायद्यावर सही केली. ही सरळसरळ देवाणघेवाण होती. आधीपासून राहत असलेल्या साधारण २७ लाख लोकांना त्यातून कायदेशीर दर्जा मिळाला आणि बदल्यात यापुढे माहीत असून बेकायदा माणूस कामावर ठेवला तर मालकाला दंड, पहिल्या वेळी माणशी २५० ते २,००० डॉलर. कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासायचा आय-९ फॉर्म इथूनच आला. आज नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एचआर जो पासपोर्ट, ग्रीन कार्ड नाहीतर ईएडी बघायला मागतं, आणि जे तीन कामाच्या दिवसांत उरकावं लागतं, ते या कायद्यामुळे. सिटिझन असो की कोणीही, सगळ्यांना तोच फॉर्म.

पण तेव्हाच एक भीती होती की दंड टाळायला मालक परदेशी चेहऱ्याच्या किंवा वेगळ्या उच्चाराच्या माणसाला घेणारच नाहीत. म्हणून त्याच कायद्यात भेदभावाविरुद्ध कलम घातलं. यादीतले कुठले कागद दाखवायचे ते कर्मचारी ठरवतो, "मला ग्रीन कार्डच दाखव" असं मालक म्हणू शकत नाही. म्हणजे कमी तपासलं तरी दंड, जास्त मागितलं तरी दंड. मला वाटतं लहान धंद्यांची खरी ओढाताण इथे होते, मोठ्या कंपनीकडे वकील असतो, पंधरा माणसांच्या रेस्टॉरंटमध्ये हे सगळं हिशोब बघणाऱ्या एकाच माणसाच्या गळ्यात पडतं.

खोट्या कागदांचा प्रश्न राहिलाच. त्यावर १९९७ ला पाच राज्यांत कर्मचाऱ्याची माहिती कॉम्प्युटरवर सरकारी नोंदींशी ताडून बघायचा पायलट सुरू झाला, त्याचंच पुढे ई-व्हेरिफाय झालं. ॲरिझोनाने २००७ ला तो सगळ्या मालकांना सक्तीचा करणारा कायदा केला, २०११ ला सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला, आणि फ्लोरिडाने २०२३ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना सक्ती केली.

आता परत ईएडीकडे. पूर्वी नियमातच लिहिलं होतं की बहुतेक अर्जांचा निकाल ९० दिवसांत लावायचा, नाहीतर सरकारने तात्पुरतं कार्ड द्यायचं. जानेवारी २०१७ ला हे बंधन काढलं आणि त्याच्या जागी १८० दिवसांची आपोआप मुदतवाढ दिली. कोविडनंतर अर्ज इतके तुंबले की १८० दिवसही पुरेनात, लोकांच्या नोकऱ्या जायला लागल्या, मग मे २०२२ ला तात्पुरती म्हणून ५४० दिवसांची सवलत आली आणि जानेवारी २०२५ ला ती कायमची झाली. दहा महिन्यांत तीच गेली. सरकारचं म्हणणं की नीट पडताळणी झाल्याशिवाय कामाची परवानगी वाढवायची नाही. ते एकवेळ समजून घेऊ, पण मुदतवाढ ज्या ९० दिवसांच्या बदल्यात आली होती ते ९० दिवस काही परत आणले नाहीत, आणि मला ही गोष्ट सगळ्यात अन्यायाची वाटते, कारण उशीर ऑफिसकडून झाला तरी पगार मात्र घरचा थांबतो.

आपल्या लोकांत याचा फटका सगळ्यात जास्त एच-४ वाल्यांना, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या नवरा-बायकोंना आहे. मे २०१५ पासून, एच-१बी वाल्या जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी सहसा कंपनी टाकते तो अर्ज, मंजूर असेल तर त्यांना ईएडी मिळतं. एका देशाला ग्रीन कार्डांत ७ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही, म्हणजे हे कार्ड परत परत रिन्यू करावंच लागतं. आणि डिसेंबर २०२५ मध्ये ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज टाकून बसलेल्यांच्या आणि असायलम (आश्रय) मागणाऱ्यांच्या ईएडी कार्डाची जास्तीत जास्त मुदत पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आणली, म्हणजे त्यांनाही आता सारखं रिन्यूअल आणि मधे आधार काहीच नाही.

रिन्यूअलचा अर्ज कार्ड संपायच्या १८० दिवस आधीपासून टाकता येतो, तेव्हा पहिल्याच दिवशी टाका. ३० ऑक्टोबर २०२५ च्या आधी वेळेत टाकलेला असेल तर जुनी मुदतवाढ लागू आहे, कार्ड आणि पावती दोन्ही एचआरला दाखवा, काही ठिकाणी नवीन नियम ऐकून अशा माणसांनाही घरी बसवतात आणि ते चूक आहे.