ट्रकचा गिअर : शिकायला येण्याआधी एवढे वाचा

हे पत्रक आमच्याकडे जड वाहन शिकायला येणाऱ्यांसाठी आहे, आणि नवा ड्रायव्हर आमच्याकडे पाठवणाऱ्या गाडीमालकांसाठीही. फी आणि वेळा ऑफिसात विचारा. इथे फक्त गिअरबद्दल लिहिले आहे, कारण सुरुवातीला सगळे तिथेच अडकतात.

आमच्याकडे दोन तऱ्हेचे लोक येतात. काही जण कार चालवून आलेले असतात. ते दांडी घाईने ओढतात आणि इंजिन नको तेवढे रेस करतात. बाकीचे क्लीनर म्हणून फिरलेले असतात. त्यांना गाडीची भीती नसते, पण उस्तादाच्या सवयीही सोबत आलेल्या असतात. खरे सांगायचे तर कारवाल्यांना शिकवणे सोपे जाते.

ट्रकचे डिझेल इंजिन कारसारखे वर पळत नाही. त्याचे बहुतेक काम मिनिटाला साधारण 1000 ते 2000 फेऱ्यांमध्येच चालते. तेवढ्यात लोड ओढायचा, म्हणून गिअर जास्त: कुठे सहा, कुठे नऊ. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरवर हिरवा पट्टा असतो. काटा पट्ट्याच्या वरच्या टोकाला आला की पुढचा गिअर टाकायचा, आणि पट्ट्याखाली घसरायच्या आत मागचा. पट्टा प्रत्येक गाडीत वेगळा असतो, त्यामुळे आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. थोड्या दिवसांनी मीटरकडे बघावेच लागत नाही, कान सांगतो.

गाडी चालू केली की आधी हवा भरू द्या. ब्रेक हवेवर चालतात आणि बऱ्याच गाड्यांत क्लचलाही हवेची मदत असते. हवा कमी असताना क्लच जड लागतो, आणि हँडब्रेकही नीट सुटत नाही. लोड गाडी पहिल्यावर किंवा क्रॉलरवर (पहिल्याच्याही खालचा, सगळ्यात हळू गिअर) उचला. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दुसऱ्यावर उठते, पण ती सवय लोड गाडीला लावली की क्लच प्लेट गेलीच म्हणून समजा.

क्लचबद्दल मालकांनी जरा नीट वाचावे. पाय पेडलवर टेकलेला असला की तो हलका का असेना, रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे बेअरिंग) फिरत आणि झिजत राहते. चढावर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी रोखून धरली की प्लेट घासते, तापते आणि जळकट वास येतो. तो वास केबिनमध्ये आला म्हणजे नुकसान सुरू झालेले असते. चढावर थांबायचे तर हँडब्रेक ओढा. निघताना क्लच थोडा सोडा, इंजिनाचा आवाज दबला की हँडब्रेक सोडा आणि रेस द्या. आमच्याकडे हे रिकाम्या गाडीवर पक्के झाल्याशिवाय कुणी लोड गाडीवर बसत नाही. त्यावरून कुरकुर होते, होऊ द्या.

गिअर बदलताना दांडी रेटायची नाही. आजच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्या दोन्ही बाजूंचा वेग जुळवतात. त्यांना क्षणभर वेळ द्या. क्लच पूर्ण दाबा, न्यूट्रलमध्ये आणा, किंचित थांबा, मग पुढचा टाका. खरखर झाली तर जोर लावू नका, परत न्यूट्रलला या. जुन्या गाडीत, किंवा रिंगा झिजलेल्या असतील तर, डबल क्लच लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. रेस किती द्यायची हे हातानेच कळते, कागदावर सांगता येत नाही. रिव्हर्स मात्र गाडी पूर्ण थांबल्याशिवाय कधीच नाही.

नऊ गिअरच्या गाडीत तेच खाचे दोनदा वापरतात, एकदा लो रेंजमध्ये (हळू, ताकदीचे गिअर), एकदा हायमध्ये (वेगाचे गिअर). जिथे रेंज बदलायला दांडीवर बटण आहे, तिथे बटण आधी फिरवायचे आणि दांडी नंतर हलवायची. वेगात असताना चुकून लो रेंज पडली तर इंजिन मर्यादेबाहेर फिरते, आणि त्याचा खर्च क्लच प्लेटपेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता घाट. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायची असते. तिथे नवा ड्रायव्हर गाडी मरायला आल्यावर गिअर शोधतो. चढ सुरू होण्याआधीच एक गिअर खाली घ्या, कारण चढावर क्लच दाबला की लोड गाडीचा वेग लगेच तुटतो आणि मग एका गिअरऐवजी दोन खाली यावे लागते.

उताराला मात्र आमच्याकडे सूट नाही. कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुण्यातल्या सगळ्यांना माहीत आहे; 20 नोव्हेंबर 2022 ला तिथे एकाच अपघातात कितीतरी गाड्या सापडल्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे आजही भेटतात. पण कॉमन रेल इंजिनात (आजची, कॉम्प्युटरने डिझेल सोडणारी इंजिने) गाडी गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की डिझेल जाणे थांबते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागते. म्हणजे बचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापले की पेडल दाबूनही ब्रेक धरत नाहीत. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो, हवा भरत नाही, आणि स्टिअरिंग दगडासारखे होते. उतरायला सुरुवात करण्याआधीच खालचा गिअर घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक) लावा. तो गाडी गिअरमध्ये असली तरच काम करतो. पायाचा ब्रेक दाबून वेग उतरवा आणि सोडा, सतत दाबून ठेवू नका. आमच्या गाडीत उताराला न्यूट्रल केला तर त्या दिवसाचा क्लास तिथेच संपतो.

ट्रकच्या लर्निंगसाठी वय 20 पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे. येताना ते लायसन्स आणा. आणि चप्पल किंवा जाड तळाचे बूट नकोत; पातळ तळाचे बूट घाला, म्हणजे क्लच कुठे धरतो ते पायाला कळेल.