'जनरलाइज्ड' फिट आणि थॅलॅमस : एका शब्दामागचा वाद

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या अपस्माराच्या रुग्णाची फाइल उघडली, तर ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखाच्या, अहवालात बहुधा 'फोकल' (मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी) किंवा 'जनरलाइज्ड' यांपैकी एक शब्द आढळतो. दुसऱ्या शब्दाचा अर्थ नातेवाईक 'सगळ्या अंगाला आलेली फिट' असा लावतात. काही जण तर 'जनरल' म्हणजे साधी, किरकोळ, असेही समजून निश्चिंत होतात. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. वर्गात फळ्याकडे बघता बघता दहा सेकंद हरवून जाणारे, हातपायाला एकही झटका न आलेले आणि 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खाणारे मूलही वैद्यकीय भाषेत 'जनरलाइज्ड' गटातच मोडते. हा शब्द शरीराविषयी नसून मेंदूविषयी आहे, आणि तो ज्या वादातून घडला त्याच्या मध्यभागी सुमारे ऐंशी वर्षे थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या खोल मध्यभागातील पेशींचा गठ्ठा, आहे.

माणसाच्या मेंदूचे विद्युत आलेख 1929 साली प्रथम प्रसिद्ध झाले. 1935पर्यंत असे दिसून आले होते की, या हरवण्याच्या झटक्यात, म्हणजे 'अॅबसेन्स'मध्ये, दोन्ही गोलार्धांवर एकाच वेळी सेकंदाला तीन या ठेक्याने टोकदार ठोका आणि त्यामागे संथ लाट उमटते. हा ठेका इतका एकसारखा होता की, दोन्ही बाजूंना तो पोहोचवणारे एखादे केंद्र मेंदूच्या तळाशी असावे, ही कल्पना जवळजवळ आपोआप सुचली. 1940च्या दशकात मॉन्ट्रिअलमध्ये मांजरांच्या थॅलॅमसच्या आतील भागाला सेकंदाला तीन वेळा विद्युत उत्तेजन दिल्यावर कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरावर, तसाच आलेख मिळाला. तेथील संशोधकांनी थॅलॅमस आणि वरचा मस्तिष्कस्तंभ मिळून एक मध्यवर्ती व्यवस्था कल्पिली आणि त्यातून निघणाऱ्या झटक्यांना 'सेंट्रेन्सेफॅलिक' असे नाव दिले.

हे नाव फार काळ टिकले नाही, पण त्याची सावली टिकली. 1960च्या दशकात अशा रुग्णांमध्ये झटका आणणारे औषध मानेच्या पुढच्या बाजूच्या, म्हणजे कॅरोटिड धमनीतून दिल्यावर तो आलेख उमटला, मात्र मस्तिष्कस्तंभाकडे जाणाऱ्या मागच्या धमनीतून दिल्यावर उमटला नाही; म्हणजे कॉर्टेक्सचा सहभाग दुय्यम मानता येत नव्हता. 1968 साली पुढे आलेल्या मांडणीत कॉर्टेक्स अतिउत्तेजित आणि थॅलॅमस त्याला नेहमीचे संदेश पुरवणारा, अशी वाटणी झाली. 2002 साली आनुवंशिक अॅबसेन्स असलेल्या उंदरांमध्ये असे आढळले की, पहिल्या अर्ध्या सेकंदात तोंडाच्या आसपासच्या स्पर्शाशी निगडित कॉर्टेक्सचा एक लहानसा तुकडा पुढे असतो आणि त्यानंतर कॉर्टेक्स व थॅलॅमस एकमेकांना ढकलत राहतात. वर्गीकरणाच्या भाषेत हा बदल उशिरा उतरला. 1981च्या व्याख्येत दोन्ही गोलार्ध सुरुवातीपासूनच सामील असल्याचे गृहीत होते. 2010च्या व्याख्येत झटका दोन्ही बाजूंना पसरलेल्या जाळ्यात कोठेतरी सुरू होऊन ते जाळे झपाट्याने व्यापतो, असे म्हटले गेले. अर्थ बदलला तरी शब्द तोच ठेवला गेला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

गोंधळाला एक उपमाही कारणीभूत आहे. वास सोडून बाकी सर्व संवेदना कॉर्टेक्सकडे थॅलॅमसमार्गे जातात, म्हणून त्याला मेंदूचे जंक्शन म्हणतात, आणि आपल्याकडे भुसावळचे उदाहरण तोंडाशीच असते. (फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याच्या प्रथेत नेमका या जंक्शनवरून न जाणारा मार्ग निवडला जातो, बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि श्रेय कांद्याला मिळते.) मात्र कॉर्टेक्सकडून थॅलॅमसकडे परत येणारे तंतू वर जाणाऱ्या तंतूंपेक्षा कित्येक पट अधिक आहेत आणि थॅलॅमसला स्वतःचा ठेकाही आहे. त्याच्याभोवती पातळ वेष्टणासारखे असलेले रेटिक्युलर केंद्रक (केंद्रक म्हणजे येथे पेशींचा समूह) आतल्या पेशींना दाबते. दबलेल्या पेशींतील कॅल्शियम आत घेणारी टी-प्रकारची दारे त्यामुळे सज्ज होतात आणि दाब सुटताच पेशी उसळून ठोक्यांची सर सोडते. गाढ झोपेतही याच यंत्रणेचा ठेका चालतो. एथोसक्सिमाइड हे औषध नेमका हा कॅल्शियम प्रवाह कमी करते, असे 1989च्या सुमारास दाखवले गेले. ते त्याआधी तीन दशके वापरात होते. उलट फोकल फिटसाठी उपयुक्त असलेल्या कार्बामाझेपीनने अॅबसेन्स वाढू शकते. म्हणून अहवालातील त्या एका शब्दावर गोळी ठरते.

अन्य विकारांत थॅलॅमसचे नाव याहून जुने आहे. 1906 साली पॅरिसमध्ये पक्षाघातानंतरच्या असह्य वेदनांचा संबंध त्याच्याशी जोडला गेला, आणि जपानी मेंदूज्वरात एमआरआयवर दोन्ही थॅलॅमस बाधित दिसणे डॉक्टरांच्या परिचयाचे आहे. 1987 साली फ्रान्समध्ये हातांचा कंप थांबवण्यासाठी थॅलॅमसमध्ये कायमची तार बसवून उत्तेजन देण्यास सुरुवात झाली, आणि अपस्मारातील आजचे उपचार त्याच तंत्राच्या वाटेने आले.

औषधांना न जुमानणाऱ्या फोकल अपस्माराच्या 110 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकाला उत्तेजन दिल्यावर सुरुवातीच्या, कोणाचे यंत्र चालू आहे हे गुप्त ठेवलेल्या टप्प्याच्या अखेरीस झटक्यांची मध्यक घट सुमारे 40 टक्के होती, तर यंत्र बंद असलेल्यांत सुमारे 15 टक्के. नैराश्याच्या व स्मरणाच्या तक्रारीही उत्तेजन मिळालेल्यांत अधिक होत्या, ही बाब बातम्यांत सहसा मागे पडते. युरोपात 2010 साली परवानगी मिळाली, अमेरिकेत 2018 साली. जनरलाइज्ड प्रकारांसाठी मात्र सेंट्रोमिडियन हे वेगळे केंद्रक निवडले जाते, आणि ते थॅलॅमसच्या त्याच आतील गटातले आहे, ज्याला मॉन्ट्रिअलमध्ये मांजरांवर चाचपून पाहिले होते. तेव्हा सेकंदाला तीन स्पंदनांनी तेथून झटक्याचा आलेख उमटवला होता, आता बहुधा शंभराहून अधिक स्पंदनांनी तो मोडण्याचा प्रयत्न होतो.